कुत्र्यांमधील अतिरिक्त केसगळती आणि आहार-व्यवस्थापन : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत कोल्हापूर शहर व परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबांत कुत्रा पाळण्याचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी शेतावर, गोठ्यापाशी किंवा वाड्याच्या दारात राखणीसाठी असणारा कुत्रा आता बंगल्यात आणि सदनिकेत कुटुंबाचा घटक म्हणून राहतो. गावठी कुत्र्याच्या जोडीला लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर, क्वचित सायबेरियन हस्की अशा दाट केसांच्या जातीही घराघरांत आल्या. या बदलाबरोबर एक तक्रार सार्वत्रिक झाली आहे, ती म्हणजे केसगळतीची. सोफ्यावर, अंथरुणात, कपड्यांवर, प्रसंगी जेवणाच्या ताटात येणारे केस हा अनेक घरांत रोजच्या कुरबुरीचा विषय झालेला दिसतो.

ही बाब वरवर पाहता किरकोळ वाटते; परंतु तिचे परिणाम किरकोळ नाहीत. केसगळतीला कंटाळून कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकणे किंवा गावाबाहेर सोडून येणे असे प्रकार घडतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न-पाणी न देणे, तसेच उपासमारीने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्यास विनाकारण सोडून देणे हा अपराध आहे. दुसऱ्या बाजूस, केसगळतीवर उपाय म्हणून ऐकीव माहितीवरून आहारात केलेले बदल कित्येकदा गळती वाढवणारे ठरतात. तिसरी बाब अधिक गंभीर आहे. केसगळती हे जेव्हा एखाद्या आजाराचे लक्षण असते, तेव्हा केवळ आहारावर व टॉनिकवर विसंबून राहिल्याने निदानाचा मोलाचा काळ निघून जातो. म्हणूनच आहाराने काय साधते आणि काय साधत नाही, याचा शास्त्रीय विचार करणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. कुत्र्याच्या केसांचे वृद्धिचक्र व नैसर्गिक केसगळती यांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. केसांच्या आरोग्याशी संबंधित आहारघटकांचा परिचय करून देणे.
३. कोल्हापूर परिसरात रूढ असलेल्या दूध-भाकरीच्या आहाराचे पोषणदृष्ट्या मूल्यमापन करणे.
४. स्थानिक बाजारात सहज मिळणाऱ्या पदार्थांतून करता येण्याजोगी सुधारणा सुचविणे.
५. आहाराच्या मर्यादा व पशुवैद्यकीय तपासणीची निकड अधोरेखित करणे.

लेखातील पोषणविषयक मानके ही अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने प्रौढ कुत्र्यासाठी ठरविलेली किमान मानके आहेत. ही संघटना ‘आफको’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. पदार्थांतील घटकांची मूल्ये सरासरी स्वरूपाची असून धान्याचा वाण, दुधाची प्रत इत्यादींनुसार त्यांत फरक पडतो.

केसांचे वृद्धिचक्र व नैसर्गिक गळती

कुत्र्याचा प्रत्येक केस ठरावीक अवस्थांतून जातो. ॲनाजेन ही वाढीची अवस्था, कॅटाजेन ही संक्रमणाची, टेलोजेन ही विश्रांतीची आणि एक्झोजेन ही केस प्रत्यक्ष गळून पडण्याची अवस्था होय. पूडलसारख्या जातींत बहुसंख्य केस दीर्घकाळ वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे ते कापावे लागतात, पण गळतात कमी. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, हस्की या जातींत अनेक केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात व ते टप्प्याटप्प्याने गळून त्यांच्या जागी नवे येतात. शिवाय या जातींना बाहेरच्या राठ केसांखाली मऊ, दाट केसांचा दुसरा थर असतो. हा थर मोकळा होतो तेव्हा केस अक्षरशः पुंजक्यांनी निघतात. ही गळती हा रोग नव्हे, तर जातीचा स्वभावधर्म आहे. कोणत्याही आहाराने ती बंद होत नाही.

या संदर्भात आपल्या भागातील देशी जातीचे उदाहरण उद्बोधक ठरते. कोल्हापूरच्या पूर्वेस असलेल्या, पूर्वीच्या घोरपडे संस्थानातील व आता कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात मोडणाऱ्या मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा मुधोळ हाउंड महाराष्ट्रात ‘कारवान’ या नावाने परिचित आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानजातींवर काढलेल्या चार तिकिटांत त्याचा समावेश होता. दख्खनच्या उष्ण व कोरड्या हवेत घडलेल्या या जातीचा केस आखूड व अंगालगत असतो. थंड प्रदेशात घडलेल्या दुहेरी केसांच्या जाती याच हवेत आणल्यावर त्यांची गळती ठळकपणे नजरेत भरते. याचा अर्थ असा की केसगळतीचे पहिले कारण ताटात नसून जातीच्या निवडीत असू शकते. कुत्रा आणण्यापूर्वीच याचा विचार होणे इष्ट होय.

केस गळण्याच्या हंगामावर प्रामुख्याने दिवसाच्या लांबीचा व काही अंशी तापमानाचा प्रभाव असतो. लंडनसारख्या शहरात सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांतील फरक आठ तासांहून अधिक असतो. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे हा फरक अवघा दोन तासांचा आहे. त्यात घरातील कुत्रा रात्री उशिरापर्यंत विजेच्या प्रकाशात वावरतो. परिणामी वसंत आणि शरद असे गळतीचे दोन स्पष्ट हंगाम दिसण्याऐवजी वर्षभर थोडीथोडी गळती चालू राहते. परदेशी पुस्तकांतील वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

केसांच्या आरोग्यास आवश्यक आहारघटक

अ) प्रथिने : केसाचा बहुतांश भाग केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांच्या गरजेपैकी सुमारे २५ ते ३० टक्के भाग त्वचा व केस यांच्यासाठी खर्च होऊ शकतो. केराटिनमध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल विशेष प्रमाणात असते व ते मेथिओनिनपासून तयार होऊ शकते. अंडी, मांस व मासे यांत ही अमिनो आम्ले योग्य प्रमाणात मिळतात. प्रथिने अपुरी पडल्यास शरीर हृदय, यकृत, स्नायू अशा अवयवांस प्राधान्य देते. साहजिकच केस पातळ, कोरडे व ठिसूळ होतात आणि गळालेल्या केसांची भरपाई लांबते.

आ) मेदाम्ले : लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ गटातील मेदाम्ल कुत्र्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. त्वचेतील ओलावा टिकवून धरणाऱ्या थराच्या बांधणीत त्याचे कार्य महत्त्वाचे आहे. त्याच्या अभावी त्वचा कोरडी पडते, कोंडा सुटतो व केसांची चकाकी जाते. ओमेगा-३ गटातील ईपीए व डीएचए ही मेदाम्ले त्वचेचा दाह कमी करण्यास साहाय्यभूत होतात. ती मुख्यतः माशांच्या तेलात आढळतात. जवसात ओमेगा-३ भरपूर असले, तरी ते अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रूपात असते व कुत्र्याचे शरीर त्याचे ईपीएमध्ये रूपांतर अल्प प्रमाणातच करू शकते. त्यामुळे जवस उपयुक्त असला तरी तो माशांच्या तेलाचा पूर्ण पर्याय ठरत नाही.

इ) जस्त व इतर सूक्ष्म घटक : पेशींच्या विभाजनासाठी व केराटिन तयार होण्यासाठी जस्त आवश्यक असते. त्याच्या कमतरतेत डोळे व तोंड यांभोवती तसेच पायांच्या गाद्यांवर खपल्या धरतात. हस्कीसारख्या काही जातींत जस्त शोषून घेण्याची क्षमताच जन्मतः कमी असू शकते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट हा घटक जस्ताला बांधून ठेवतो, त्यामुळे धान्यप्रधान आहारात जस्त असूनही ते शरीरास पुरेसे मिळत नाही. तांबे केसांच्या रंगासाठी, तर जीवनसत्त्व ‘अ’, ‘ई’ व बायोटिन त्वचेच्या आरोग्यासाठी आवश्यक असतात.

दूध-भाकरीचे पोषणमूल्य

कोल्हापूर जिल्हा दुधाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील सहकारी दूध संघाची स्थापना १९६३ मध्ये झाली. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण म्हशीचे दूध पिण्याची परंपरा सर्वपरिचित आहे. ज्या घरात दूध व भाकरी मुबलक, त्या घरातील कुत्र्याच्या वाट्यालाही दूध-भाकरीच येणे स्वाभाविक होय. हा आहार सरसकट त्याज्य मानणे योग्य नाही. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यामध्ये पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासात कुत्रा धान्य पचवू लागला. तेव्हा ‘भाकरी पचत नाही म्हणून केस गळतात’ हे विधान शास्त्रास धरून नाही. मात्र भाकरी पचणे आणि भाकरी पुरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

२५ किलो वजनाच्या, मध्यम हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला साधारण १,२५० किलोकॅलरी ऊर्जा लागते असे मानू. प्रत्येकी ७५ ग्रॅम पिठाच्या चार ज्वारीच्या भाकऱ्या व पाव लिटर म्हशीचे दूध यांतून ही ऊर्जा जवळपास पूर्ण मिळते. कुत्र्याचे पोट भरते, वजनही टिकते. आता अन्य घटकांचा हिशेब पुढीलप्रमाणे दिसतो.

तक्ता क्र. १ : चार भाकऱ्या व पाव लिटर दूध यांतून मिळणारे घटक (स्थूलमानाने)

प्रथिने : मिळतात सुमारे ३९ ग्रॅम, किमान अपेक्षित ५६ ग्रॅम.
एकूण मेद : मिळतो सुमारे २१ ग्रॅम, किमान अपेक्षित १७ ग्रॅम.
लिनोलेइक आम्ल : मिळते सुमारे अडीच ग्रॅम, किमान अपेक्षित साडेतीन ग्रॅम.
जस्त : मिळते सुमारे ७ मिलिग्रॅम, किमान अपेक्षित २५ मिलिग्रॅम.
कॅल्शियम : मिळते सुमारे अर्धा ग्रॅम, किमान अपेक्षित दीड ग्रॅमहून अधिक.

या तक्त्यावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, प्रथिनांची तूट सुमारे ३० टक्के आहे. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असल्याने प्रत्यक्षातील तूट आकड्यांपेक्षा मोठी ठरते. दुसरी, मेदाचे एकूण प्रमाण पुरेसे आहे, परंतु तो मुख्यतः दुधाचा मेद आहे. दुधाच्या मेदात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणूनच ‘केसांना तकाकी यावी’ म्हणून भाकरीवर तुपाचा चमचा वाढविल्याने फारसे काही साधत नाही, केवळ ऊर्जा वाढते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट जस्ताची होय. गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जस्त मिळते व त्यातीलही काही भाग फायटेटमुळे वाया जातो. वजनदार, तृप्त दिसणारा कुत्राही केसांच्या दृष्टीने कुपोषित असू शकतो, तो असा.

‘उष्ण’ पदार्थांविषयीचा समज

केस गळू लागले की ‘अंगात उष्णता वाढली’ असे निदान घरच्या घरी केले जाते. अंडी व मांस ‘उष्ण’ मानून ती उन्हाळ्यात बंद केली जातात आणि त्यांची जागा दही-भात किंवा दूध-भाकरी घेते. या समजामागील हेतू चांगला असला तरी परिणाम उलट होतो. ज्या काळात जुने केस गळून नवे उगवत असतात, नेमक्या त्याच काळात केस घडविणारे प्रथिन आहारातून काढून घेतले जाते. पुढे केस विरळ येतात आणि ‘अजून उष्णता गेली नाही’ असे समजून पथ्य अधिकच कडक केले जाते. एखाद्या विशिष्ट प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यात तो पदार्थ वर्ज्य करावा लागतो, हे खरे. परंतु ती ॲलर्जी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किमान आठ आठवडे नियंत्रित आहार देऊन सिद्ध करावी लागते. ती चिकनप्रमाणेच दुधाची किंवा गव्हाचीही असू शकते. सरसकट मांसाहार बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

स्थानिक पदार्थांतून आहारसुधारणा

वर दिलेल्या उदाहरणातील कुत्र्यासाठी चारऐवजी तीन भाकऱ्या, सुमारे २०० ग्रॅम हाडविरहित शिजविलेले चिकन (कच्चे असतानाचे वजन), एक उकडलेले अंडे, अर्धी वाटी दही, थोडी शिजविलेली दुधी किंवा लाल भोपळा आणि एक लहान चमचा करडईचे तेल अशी मांडणी केल्यास ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. प्रथिने मात्र ३९ वरून ७० ग्रॅमच्या आसपास जातात आणि लिनोलेइक आम्लाची गरज भागून थोडे शिल्लक उरते. पारंपरिक वाणाच्या करडई तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. सूर्यफूल तेलात ते साधारण ६० टक्के, तर शेंगदाणा तेलात ३० टक्क्यांच्या आसपास असते. खोबरेल तेलात ते नगण्य असते. ओलिक आम्ल अधिक असलेल्या नव्या वाणांचे करडई व सूर्यफूल तेलही आता बाजारात येते व त्यात लिनोलेइक आम्ल कमी असते. म्हणून वेष्टनावरील माहिती वाचून तेल घ्यावे.

आंबा घाटातून कोकणची मासळी कोल्हापुरात येते. तारली व बांगडा हे तुलनेने स्वस्त व ओमेगा-३ मेदाम्लांनी समृद्ध मासे होत. आठवड्यातून एक-दोनदा चिकनऐवजी काटे पूर्ण काढून उकडलेला मासा देता येतो. काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ‘ब-१’ नष्ट करणारा विकर असल्याने मासा शिजवूनच द्यावा. खारवलेली सुकी मासळी त्यातील मिठामुळे टाळावी. भाकरीच्या पिठातील फायटेट कमी करण्यास आंबविण्याची आपली जुनी पद्धत उपयोगी पडते. ज्वारी किंवा नाचणीचे पीठ रात्रभर आंबवून केलेली साधी आंबील, मीठ व लसूण न घालता दिल्यास, धान्यातील जस्ताची उपलब्धता काही अंशी सुधारते.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. सुधारित आहारातही जस्त ८ मिलिग्रॅमच्या आसपासच राहते आणि कॅल्शियमची तूट भरून निघत नाही. मटण व यकृत यांचा मर्यादित वापर जस्तास साहाय्य करतो, तरीही घरगुती आहारात खनिजे व जीवनसत्त्वे यांची पुरवणी बहुधा द्यावीच लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा आढळला. त्यामुळे पुरवणीचे प्रमाण कुत्र्याच्या वजनानुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. जस्ताचा अतिरेक विषारी ठरतो. कॅल्शियम अनावश्यक प्रमाणात दिल्यास जस्ताच्या शोषणात अडथळा येतो, आणि मोठ्या जातींच्या वाढत्या पिलांच्या हाडांवर विपरीत परिणाम होतो. ज्यांना हा हिशेब सांभाळणे शक्य नाही, त्यांनी वेष्टनावर ‘संपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख असलेले तयार खाद्य वापरणे अधिक सुरक्षित होय. अशा खाद्यावर वरून पुन्हा जस्त, कॅल्शियम वा अन्य पुरवण्या देण्याची सहसा गरज नसते.

शाकाहारी कुटुंबांत अंडी, दही, पनीर, शिजविलेल्या डाळी व सोयाबीन यांच्या आधारे प्रथिनांची पातळी बरीच सुधारता येते. मात्र अशा आहाराचे नियोजन तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे.

स्वयंपाकघरातील पथ्ये

कोल्हापूरच्या खाद्यसंस्कृतीत तांबडा व पांढरा रस्सा यांचे स्थान अढळ आहे. ‘मटणाचे कालवण घातले की कुत्र्याचे केस चांगले होतात’ असा समज असल्याने रविवारचा उरलेला रस्सा व हाडे कुत्र्यापुढे ठेवली जातात. यात दोन धोके आहेत. कांदा व लसूण यांतील घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढा कांदा, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्यास सुमारे १२५ ग्रॅम, एका वेळी पोटात गेल्यास विषबाधा संभवते. थोड्या प्रमाणात वारंवार दिल्यासही अपाय होतो आणि शिजविल्याने हा दोष जात नाही. दुसरा धोका शिजलेल्या हाडांचा आहे. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या निघतात व त्या अन्ननलिकेस अथवा आतड्यास इजा करू शकतात. म्हणून कुत्र्यासाठीचे मांस फोडणी व मसाला घालण्यापूर्वीच वेगळे काढून, साध्या पाण्यात शिजवून, हाडे काढून द्यावे.

द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातून येणारा बेदाणा आपल्या घरांत सदैव असतो, म्हणून ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. या विषबाधेस टार्टरिक आम्ल कारणीभूत असावे असा विचार २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी मांडला. हे आम्ल चिंचेतही भरपूर असल्याने चिंच घातलेली आमटीही टाळावी. चॉकलेट आणि झायलिटॉल हा कृत्रिम गोडवा असलेले पदार्थ पूर्णतः वर्ज्य होत. केसांसाठी म्हणून कच्चे अंडे देण्याची प्रथाही योग्य नाही. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला बांधून ठेवते, म्हणजे ज्या हेतूने अंडे द्यावे त्यालाच बाधा येते. उकडलेल्या अंड्यात हा दोष राहत नाही.

आहारबदलाची पद्धत व कालावधी

नवा आहार एकाएकी सुरू केल्यास उलट्या व जुलाब होतात. सात ते दहा दिवसांत जुन्या आहाराचे प्रमाण क्रमाक्रमाने घटवून नव्याचे वाढवावे. तेलाची सुरुवात पाव चमच्याने करावी. लठ्ठ कुत्र्यात किंवा पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेल्या कुत्र्यात तेल अथवा माशांच्या तेलाची कॅप्सूल वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. कॉड माशाच्या यकृताचे तेल म्हणजे नेहमीचे माशांचे तेल नव्हे. त्यात जीवनसत्त्व ‘अ’ व ‘ड’ अधिक असल्याने अतिरेकाने विषबाधा होऊ शकते.

परिणामाची घाई करू नये. कुत्र्याच्या त्वचेचा बाह्य थर साधारण तीन आठवड्यांत नव्याने तयार होतो. त्यामुळे कोंडा व कोरडेपणा यांतील फरक प्रथम दिसतो. केसांतील फरक जाणवण्यास सहा ते आठ आठवडे लागतात आणि लॅब्राडोरसारख्या कुत्र्याचा केस पूर्ण लांबीचा होण्यास तीन ते चार महिने जातात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून आहार पुन्हा बदलणे हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे. या काळात आठवड्यातून एका ठरावीक दिवशी विंचरून निघालेले केस एकाच आकाराच्या डब्यात पाहणे, तसेच त्वचेची व वजनाची नोंद वहीत ठेवणे उपयुक्त ठरते. नियमित विंचरण्याने मोकळे झालेले केस घरभर पडण्याआधीच निघतात, म्हणून आहाराच्या जोडीला ते आवश्यकच आहे.

आहाराच्या मर्यादा

पुढील लक्षणे आढळल्यास केसगळती नैसर्गिक वा आहारजन्य न समजता पशुवैद्यकीय तपासणी तातडीने करून घ्यावी.

१. ठरावीक जागी टक्कल पडणे, गोल चट्टे येणे. हा नायट्यासारखा बुरशीजन्य संसर्ग असू शकतो व तो घरातील माणसांना, विशेषतः मुलांना, होऊ शकतो.
२. सतत खाजविणे, चाटणे, त्वचेला वास येणे. पिसवा, खरजेचे किडे, यीस्ट किंवा ॲलर्जी ही त्यामागील कारणे संभवतात. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यांचा जोर वाढतो.
३. दोन्ही बाजूंस सारखीच, खाज नसलेली गळती, शेपटी केसविरहित होणे, आळस व कारण नसता वजन वाढणे. यात थायरॉइड ग्रंथीच्या न्यूनतेची शक्यता असते.
४. खूप तहान, वारंवार लघवी, सुटलेले पोट व पातळ झालेली त्वचा. यात अधिवृक्क ग्रंथीचा विकार असू शकतो.
५. ताप, हिरड्या पांढुरक्या होणे, भूक मंदावणे. गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तातील संसर्गाची ही लक्षणे असू शकतात व विलंब प्राणघातक ठरू शकतो.

प्रसूतीनंतर किंवा मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम केस गळण्याचा प्रकारही आढळतो. मूळ कारण दूर झाले असल्यास तो आपोआप थांबतो. त्या काळात उत्तम आहार देणे एवढेच पालकाच्या हाती असते. गावातील शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना, खाजगी पशुवैद्यक आणि गुंतागुंतीच्या प्रसंगी सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय यांचे मार्गदर्शन घेता येते.

निष्कर्ष

१. जात, दिवसाची लांबी व वृद्धिचक्र यांमुळे होणारी गळती नैसर्गिक असून आहाराने ती थांबत नाही. अपुऱ्या आहारामुळे वाढलेली गळती मात्र आहाराने निश्चितपणे सुधारता येते.
२. दूध-भाकरीचा आहार ऊर्जेच्या दृष्टीने पुरेसा, परंतु प्रथिने, लिनोलेइक आम्ल व जस्त यांच्या दृष्टीने अपुरा आहे.
३. ‘उष्णता’ टाळण्यासाठी अंडी-मांस बंद करणे केसांच्या दृष्टीने हानिकारक ठरते.
४. साधे शिजविलेले चिकन, उकडलेले अंडे, मासे व करडईचे तेल यांतून प्रथिने व मेदाम्ले यांची तूट अल्प खर्चात भरून काढता येते. जस्त व कॅल्शियम यांसाठी तज्ज्ञाच्या सल्ल्याने पुरवणी आवश्यक आहे.
५. आहारबदलास किमान आठ ते बारा आठवड्यांचा अवधी द्यावा. मात्र रोगसूचक लक्षणे असल्यास एक दिवसही थांबू नये.

समारोप

आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, गृहविज्ञान, रसायनशास्त्र व समाजशास्त्र या विभागांना एकत्र येऊन हाती घेता येईल असा हा विषय आहे. कोल्हापूर परिसरातील पाळीव कुत्र्यांच्या प्रत्यक्ष आहाराचे सर्वेक्षण, त्या आहारातील जस्त व मेदाम्ले यांचे प्रयोगशाळेतील मापन आणि ‘उष्ण-थंड’ या लोकसमजुतींचा अभ्यास असे पदवी स्तरावरील लहान प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील. अशा अभ्यासातून मिळणारी स्थानिक माहिती परदेशी मानकांवरील आपले अवलंबित्व कमी करील. मुका प्राणी आपली कमतरता बोलून दाखवू शकत नाही. ती त्याच्या कातडीवर व केसांवर उमटते. घरात पडलेला केस झाडून टाकण्यापूर्वी तो का पडला याचा विचार पालकाने केला, तर कित्येक कुत्र्यांचे आजार वेळीच लक्षात येतील आणि कित्येकांचे घरही टिकून राहील.